लंगोटमुक्त कुंभेरी

कुंभेरी गावात एक भोळा बाप राहत होता. भोळा म्हणजे सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करणारा. त्याचं नाव यशवंता.

त्याची बायको कुमुद गावच्या अंगणवाडीत नव्याने लागली होती. तेवढ्यात वरून मोहीम आली: लंगोटमुक्त गाव. वर्षाच्या आतलं प्रत्येक बाळ सांगितल्या वेळी शी-शू करणारं हवं. शनिवारी सभापती पाहणीला येणार होते. कुमुदचं स्वतःचं बाळ सात महिन्यांचं. तेच ओलं सापडलं तर तिची नोकरी जाणार. ती दिवसभर गावातल्या आयांना शिकवत फिरायची आणि बाळ यशवंताकडे असायचं.

सासूबाई मदतीला आल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, बाळाचं पिऊन झालं की पाय लांब करून बसायचं. त्याला पायांवर धरायचं आणि सूऽ म्हणायचं."

सोमवारी सकाळी दहाला यशवंताने बाळाला धरलं. कुमुद दुपारी आली तेव्हा बाळ पायांवरच झोपलं होतं.

"अहो, उतरवायचं नाही का त्याला?"

"तसं कुणी सांगितलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "दोन मिनिटं वाट बघायची. नाही झालं तर सोडून द्यायचं."

मंगळवारी यशवंताला चुलीवरच्या दुधाजवळ बसवलं. त्याने दोन मिनिटं वाट बघितली. दूध तापलं नाही. त्याने सोडून दिलं. दूध उतू गेलं.

"असं नसतं हो," सासूबाई म्हणाल्या. "वर येताना दिसलं की झटकन उचलायचं."

बुधवारी बाळाची धार वर येताना दिसली. यशवंताने झटकन उचललं. धार भिंतीवरून फिरली, कणकेच्या परातीत गेली आणि सासूबाईंच्या चष्म्यावर संपली.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "सुरू झालं की मध्ये पडायचं नाही. संपेपर्यंत गप्प बसायचं."

गुरुवारी शेजारची शेळी दोरीवरची दुपटी खाऊ लागली. यशवंता संपेपर्यंत गप्प बसला. अकरा दुपटी होती.

कुमुद रडकुंडीला आली. "अहो, सुरू व्हायच्या आधी ओळखायचं असतं. चेहरा लाल होतो, हालचाल थांबते, नजर एका जागी लागते. तसं दिसलं की कुणाला विचारत बसायचं नाही. धरायचं."

"विचारायचं नाही," यशवंता म्हणाला.

शनिवारी मांडवात बावीस आया बसल्या. बावीस बाळं, सगळी कोरडी. त्यातलं कुमुदच्या मांडीवरचंही कोरडं. सभापती अंगाने किरकोळ होते, पण आवाज मोठा. त्यांनी माइक हातात घेतला.

"भगिनींनो, लंगोट ही आपल्या..."

पुढचं आठवेना. चेहरा लाल झाला. हात हवेतच राहिला. नजर मांडवाच्या खांबाला लागली.

यशवंताने कुणाला विचारलं नाही. मंचावर चढून पाय लांब करून बसला आणि सभापतींना मागून ओढून पायांवर घेतलं. माइक त्यांच्या हातातच होता.

"सूऽऽऽ," यशवंता म्हणाला.

कर्णे चार होते. आवाज गावभर गेला. बावीस बाळांनी आपापल्या आईच्या मांडीवर शिकवल्याप्रमाणे केलं.

सभापतींसोबत आलेल्या अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिला: "एका सूचनेवर बावीसपैकी बावीस बाळे यशस्वी. सेविकेस कायम करावे." कागद त्यांनी सभापतींपुढे धरला. यशवंताच्या पायांवरून सुटका दिसेना, म्हणून सभापतींनी बसल्या जागीच घाईघाईने सही केली.

"सावकाश, साहेब," यशवंता म्हणाला. "मी धरलंय."