रिकाम्या हौदासाठी कासव

एका नदीकाठच्या गावात एक विणकर राहत होता. त्या गावात घरोघरी परसात दगडी हौद असे आणि हौदात एक कासव. मुलगी सासरी निघाली की माहेरची माणसं तिच्यासोबत एक कासवही पाठवत. ते हौदातल्या डासांच्या अळ्या खाई, आणि नव्या घरात मुलीला ओळखीचं कुणीतरी असे.

विणकराची बायको असंच एक कासव घेऊन आली होती. हौदाच्या कोपऱ्यात अर्धा पाण्यात, अर्धा वर असा एक सपाट दगड होता. दुपारी ती हौदाच्या काठावर बसून, त्या दगडावर पाय टेकून शेंगा सोलत असे. कासव तिच्या पायाशी येऊन ऊन खात बसे.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि गेली. नंतर विणकरानं तो दगड उचलून भिंतीमागे नेऊन ठेवला. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पुढे थंडीत कासवानं खाणं सोडलं. विणकरानं पालक घातला, पीठ मळून घातलं, रोज हाक मारली. एके सकाळी तेही गेलं.

त्याच्या शेजारी एक घाणेवाला होता. तेलाचा घाणा चालवायचा आणि दिवसभर बोलायचा. एक दिवस तो कुंपणावरून म्हणाला, “अरे, हौद असा किती दिवस मोकळा ठेवणार? डासांनी आमच्या म्हशीला फोडून काढलंय. चल बाजारात, दोघंही एकेक कासव घेऊ. आमचंही म्हातारं झालंय.”

“माझ्या हातून आणखी एक मरायला नको,” विणकर म्हणाला.

“ते नीट घेतलं म्हणजे मरत नाही,” घाणेवाला म्हणाला आणि त्याला ओढतच घेऊन गेला.

बाजारात एक विक्रेता मोठी टोपली मांडून बसला होता. टोपलीतली कासवं आरशासारखी चमकत होती.

“या दादा, या! उचला कुठलंही. सगळी एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी.”

“खातात काय ही?” विणकरानं विचारलं.

“तुम्ही घालाल ते.”

“थंडीत?”

“थंडीतही तेच. काही त्रास नाही बघा.”

विणकरानं एक कासव उचलून उलटं करून पाहायला घेतलं, तशी विक्रेत्यानं ते झटकन काढून घेतलं. “उलटं करू नये दादा, अपशकुन होतो.”

“बरं. तुमच्याकडे कधी एखादं मेलंय का?”

“छे छे! एवढी वर्षं धंदा करतोय, एकही नाही.”

घाणेवाल्यानं सगळ्यात चमकणारं कासव निवडून धोतराच्या सोग्यात बांधलंसुद्धा. “बघ, किती सरळ माणूस. एक प्रश्न विचारला नाही.”

विणकर मात्र आपली बोटं एकमेकांवर चोळत उभा होता. कासव धरल्यानं ती बुळबुळीत झाली होती. त्याला आपला धंदा आठवला. विरळ विणीच्या कापडाला दाट खळ दिली की ते दुकानात ताठ उभं राहतं आणि पहिल्या धुण्यात त्याची जाळी होते. म्हणून तो स्वतः गिऱ्हाइकाला कापडाची मागची बाजू आधी दाखवायचा. आणि ‘एकही मेलं नाही’ हे त्याला पटलं नाही. जिथे जीव असतो तिथे कुणी ना कुणी जातंच, हे त्याला या वर्षी चांगलं कळलं होतं.

“मी जरा पलीकडे जाऊन येतो,” तो म्हणाला.

नदीपलीकडे कासवं वाढवून विकणारी एक म्हातारी राहत होती. तिच्या आवारात हौदच हौद होते. ती कासवं नदीतून पकडून आणत नसे. तिच्या आवारातल्या वाळूतच अंडी फुटत आणि पिल्लं तिथंच मोठी होत. विणकर पोचला तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी राहून शेवाळ काढत होती.

“मावशी, एक कासव हवंय.”

“हौद केवढा आहे?” तिनं मागे न वळताच विचारलं.

त्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, ऊन कुठून येतं, पाणी कधी बदलता, मांजर आहे का, तुम्ही हाटाला गेलात तर बघणार कोण. विणकर शेवटी वैतागला.

“मावशी, कासव घ्यायला आलोय. तुम्ही तर मुलीसाठी स्थळ बघितल्यासारखं विचारताय!”

“मुलगी परवडली. ती निदान माहेरी येऊन रडून सांगते. हे कुणाला सांगणार?”

विणकराला कितीतरी दिवसांनी हसू आलं. मग त्यानं इथंही तेच विचारलं, “तुमच्याकडे कधी मेलीत का?”

म्हातारीनं हातातलं शेवाळ काठावर टाकलं. “मेली ना. त्या चिंचेखाली पुरलीत. एका साली तर पाणी बदलायचा आळस केला आणि अख्ख्या हौदातली पिल्लं गेली. अजून तिकडे बघवत नाही.”

मग, कुणी विचारलं नसताना, विणकरानं आपल्या कासवाचं सगळं सांगितलं. दगडाचंही.

“बायको लग्नात घेऊन आली तेव्हा केवढं होतं?”

“परातीएवढं.”

“म्हणजे तेव्हाच पिकलेलं होतं. थंडीत ती खात नाहीत, भाऊ. ते उपाशी गेलं नाही, वयानं गेलं. दगड मात्र काढायला नको होता. दगड असता तर त्याचे शेवटचे दिवस उबेत गेले असते. पण तेवढ्यानं ते वाचलं असतं, असं नाही.”

विणकरानं मान खाली घातली. ‘तुमचं काही चुकलं नाही’ असं त्याला बरेच जण म्हणाले होते, पण त्यानं मन हलकं झालं नव्हतं. हिनं चूक होती तेवढी सांगितली, म्हणून उरलेलंही त्याला खरं वाटलं.

त्यानं हौदातल्या एका मोठ्या कासवाकडे बोट दाखवलं. “हे द्या.”

“ते नको. त्याचा डोळा पाणावतोय.” तिनं दुसरं एक लहानसं, मळकट कासव उचललं, उलटं करून त्याचं पोट दाखवलं, कवच बोटानं दाबून दाखवलं. ते दगडासारखं घट्ट होतं. कासवानं पाय आत ओढून घेतले. “हे चांगलं आहे. पण आज देणार नाही. आधी घरी जाऊन दगड जागेवर ठेवा, मग या. आणि उद्या सांभाळणं जमलं नाही, तर नदीत सोडू नका. इथं आणून द्या.”

विणकर घरी गेला. भिंतीमागचा दगड त्यानं हातांनी घासून धुतला आणि हौदात होता तिथंच ठेवला. मग जाऊन मळकट कासव घेऊन आला.

थोड्याच दिवसांत घाणेवाला पडल्या चेहऱ्यानं कुंपणाशी आला. त्याच्या कासवाची चमक पाण्यात उतरली होती, आणि खाली निघालं होतं मऊ पडलेलं कवच नि जाळ्यात अडकल्याचे वळ. ते नदीतून पकडून आणलेलं होतं. विक्रेत्याचा तर बाजारात पत्ताच नव्हता.

“काय फासलं होतं त्यानं, ठाऊक आहे?” घाणेवाला म्हणाला. “तेल! माझ्याच घाण्याचं असेल, आणि मलाच ओळखू आलं नाही.”

दोघं ते कासव घेऊन म्हातारीकडे गेले. ती रागावली नाही. “असू दे इथं. बरं झालं की नदीत जाईल. तुम्ही मात्र आधी तुमचा हौद धुवा,” एवढंच म्हणाली. पावसाआधी ते कासव ठणठणीत होऊन नदीत गेलं, आणि आता म्हातारीच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची पाळी घाणेवाल्याची होती.

विणकराच्या परसात दुपारचं ऊन कोपऱ्यात येतं. मळकट कासव हळूहळू दगडावर चढतं आणि मान लांब करून बसतं. विणकर माग थांबवून काठावर येतो, दगडावर पाय टेकतो आणि शेंगा सोलत बसतो.

तात्पर्य: जिवंत जीव घ्यायचा तर आपल्यालाही प्रश्न विचारणाऱ्याकडून आणि स्वतःकडे काय मेलं ते न लपवणाऱ्याकडून घ्यावा. ज्याला विकल्यानंतरही त्या जिवाची काळजी वाटते, त्याच्यावर भरवसा ठेवावा.