तळ्याकाठच्या शेताचा तिसरा निवाडा

पूर्वी रोहिणीनगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्याच एका गावी कुंभाराच्या घरी जन्मले होते. त्या गावात भद्रिक आणि सोणक हे दोघे भाऊ राहत. आईबाप लवकर गेल्यामुळे भद्रिकानेच सोणकाला लहानाचे मोठे केले होते.

भद्रिकाने तळ्याकाठचे शेत बोधिसत्त्वांना विकायचे ठरवले. तिथे पीक दरवर्षी पाण्यात कुजे. माती मात्र मडक्यांसाठी फार चांगली. पंचांसमोर बोली झाली, इसार दिला गेला. विकणाऱ्याने शेतातली मूठभर माती घेणाऱ्याच्या हातावर ठेवली की सौदा पुरा, अशी तिथली रीत होती. ते व्हायच्या आदल्याच दिवशी भद्रिकाला साप चावला आणि तो गेला.

सोणकाला शेताचे कळले ते पंचांच्या तोंडून. तो भडकला. “दादा मला विचारल्याशिवाय नांगराचा फाळसुद्धा बदलत नसे! माती दिली नाही ना? मग सौदा नाही!”

पंच म्हणाले, इसार घेतला तेव्हा शेत कुंभाराचे. सोणक नगरसभेत गेला, तिथेही हरला. मग तो राजाकडे दाद मागायला निघाला. राजाकडे जाणाऱ्याने समोरच्याला आपल्याच गाडीतून न्यावे, वाटेत जेवू घालावे, आणि हरला तर तिन्ही निवाड्यांचा त्याचा खर्च भरावा, असा त्या राज्याचा कायदा होता.

पहिल्या मुक्कामाला सोणकाने भाकरी पुढे आपटली. “खा. कायदा आहे म्हणून वाढतोय.”

बोधिसत्त्वांनी एक घास खाल्ला. “सोणका, मीठ टाकू नये असाही कायदा आहे का रे?”

सोणकाला हसू आले. दादा अगदी असाच चिडवायचा. त्याने झटकन तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी मात्र भाजीत मीठ बरोबर होते.

राजानेही शेत कुंभाराचेच ठरवले. मग विचारले, “कुंभारा, तुझा खर्च सांग.”

 तिन्ही निवाड्यांचा खर्च भरायचा तर सोणकाला राहते घर विकावे लागणार होते.

बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, मला काही नको.”

“अरे, तीन महिने तुझी भट्टी थंड पडली!”

“भट्टी परवा पेटेल, महाराज. याचा भाऊ काही परत यायचा नाही.”

बाहेर आल्यावर सोणकाने बैल जुंपले. “बसा.”

“आता परत न्यायचा कायदा नाही, बाबा.”

“बसा म्हटलं ना, काका!”

बरीच वाट सरल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, “सौदा करताना दादा माझं काही बोलला होता?”

“बोलला होता. म्हणाला, माती द्यायच्या आधी धाकट्याला सांगतो. तो ओरडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग हळूच येऊन विचारेल, की दादा, आता पेरायचं कुठे?”

“मग हे पंचांसमोर का नाही सांगितलंत? मी तिथेच गप्प बसलो असतो.”

“तिथे सांगितलं असतं तर ती साक्ष झाली असती. राजाकडे जाताना सांगितलं असतं, तर तू मागे फिरावंस म्हणून सांगतोय, असं वाटलं असतं तुला. त्याचं बोलणं तुझ्यासाठी होतं रे. ते मी शेत मिळवायला कसं वापरू?”

सोणक गाडी थांबवून पोटभर रडला. बोधिसत्त्वांनी त्याच्या हातातला कासरा घेतला आणि गाडी गावाकडे हाकली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, पुढे बसलेल्या तरुणाकडे वळले. तो भावाच्या चितेजवळून थेट विहारात आला होता. ते म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. सोणक म्हणजे तूच, आणि भद्रिक म्हणजे तुझा गेलेला भाऊ. तुम्ही तेव्हाही भाऊच होतात. कुंभार मी होतो. जिंकणाऱ्यानेही हरलेल्याचे दुःख जपावे, याला मैत्री म्हणतात.”