मीठवाली तान्हूबाई आणि आभाळातला दगड

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की तळहातावरचं तीर्थ किंचित तांबूस दिसलं. मीठवाली तान्हूबाई दचकली. बाकी कुणाचं लक्षच नव्हतं.

आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या आधीची ही गोष्ट. भर दुपारी, एकही ढग नसताना आभाळ गडगडलं आणि खडकओहोळ गावाच्या माळावर दगड पडला. तान्हूबाई गाढवावर मीठ लादून तिथूनच चालली होती. दगड वरून काळा, पातळ सालीचा. कणकेत अंगठे दाबावेत तसे त्यावर खळगे. आकाराच्या मानानं फारच जड. कोपरा उडाला होता तिथं आत राखाडी, आणि त्यात लोखंडाचे बारीक कण. तिनं तो लेकरासारखा पदरात घेतला आणि गावात आणला. तिला मूलबाळ नव्हतं, असं म्हणतात.

गावानं त्याचा देव केला. भिवा गुरवानं वर अभिषेकाचं भांडं टांगलं, अखंड धार लावली. पुढच्या खेपेला तान्हूबाई आली, तर तीर्थ हे असं.

"गुरवदादा, पाणी थांबवा. ओल लागली की माझ्या तराजूची वजनं अशीच गंजतात. ह्याच्या पोटात लोखंड आहे."

"मीठवाले, तू मिठाचं बघ."

बाया हसल्या. "अगं, तुझं मीठ विरघळतं म्हणून देवही विरघळंल होय?"

मग दगडावरून उतरणारी धार तांबडीलाल झाली. देवाचं अंग तापलंय, रक्त येतंय, म्हणून गावानं पाणी दुप्पट केलं. दगडाचे पापुद्रे सुटले. ज्यानं त्यानं ते प्रसाद म्हणून उचलून धान्याच्या कणगीत टाकले.

तान्हूबाई टेकडीवर जाऊन बसली. "त्याला कोरडं ठेवा रेऽऽ!" रोज तीच हाक. तिच्या हाकेचा वारा लागला की गावाचे ओठ खारट होत, असं म्हणतात. तरी कुणी ओ दिली नाही. गोणीतलं मीठ पाझरून गेलं, केस पांढरे झाले, आवाज फाटला.

आज त्या गावात नांगराला असा काळा, जड दगड लागला तर कुणी तो धूत नाही, फोडत नाही, शेंदूर लावत नाही. लोहचुंबक दोऱ्याला बांधून जवळ नेतात. ओढला गेला तरी हुरळत नाहीत, कारण जमिनीतले कितीतरी साधे दगडही चुंबकाला ओढून घेतात. स्वच्छ कोरड्या फडक्यात गुंडाळतात, जागेवर खूण म्हणून दगड रचतात, आणि भूशास्त्र शिकवणाऱ्यांना कळवतात. त्या फडक्याला तान्हूबाईचा पदर म्हणतात.

पण हे सगळं फार नंतरचं. तेव्हा तिच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

शेवटी देवाच्या जागी तांबडा चिखल उरला, आणि त्यात सुपारीएवढा एक खडा. त्या सकाळी हाक आली ती इतकी बारीक, की वाऱ्याचीच वाटावी. भिवानं हातातली घागर बाजूला ओतली. खडा धोतराच्या सोग्यानं पुसला, पुसताना त्याची कड झडली, आणि तो टेकडीकडे तोंड करून ओरडला,

"ओऽऽ! तान्हूबाई, कशात गुंडाळू गं?"