हलीमाबीचं पाणी

फार वर्षांपूर्वी, गारमाथ्याच्या पठारावर माणसांनी पाडलेली एकही वाट नव्हती आणि होत्या त्या सगळ्या मेंढरांच्या खुरांनी पडलेल्या होत्या, तेव्हा पायथ्याच्या तरसमाळ गावात हलीमाबी नावाची एक पिंजारीण राहत असे. गाव धनगरांचं. पिंजाऱ्याचं घर तेवढं एकच. नवरा गेल्यावर त्याची लोकर पिंजायची धनुकली हलीमाबीनं उचलली, आणि गावाची डोकी सांभाळण्याचं काम तिच्याकडे आलं.

ती टोप्या करी. विणलेल्या नव्हेत, बुरणुसाच्या. कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, पिंजून ती ढगासारखी मोकळी करी. मग ती चटईवर अंथरी, तिच्यावर रिठ्याचं ऊन पाणी शिंपडी, चटईची गुंडाळी करी आणि ती गुडघ्यांखाली घेऊन दिवसभर लाटत राही. दिवस कलताना लोकरीचा केस न् केस एकमेकांत गुंतून एकजीव झालेला असे. ते ओलं बुरणूस बाभळीच्या साच्यावर ताणून ती टोपी वळवी. कानांवर उतरणारी, मानेवर लांब, पुढं बोटभर काठ.

पारख मात्र कडक. आधी टोपीत अंगठा दाबायचा. खळगा आपोआप भरून आला पाहिजे. मग ती उन्हासमोर धरायची. आत उजेडाचा ठिपका दिसता कामा नये. शेवटी टोपी पाण्यानं काठोकाठ भरून फांदीला टांगायची आणि खाली राख पसरायची. राखेवर एक थेंब जरी उमटला, तरी हलीमाबी ती टोपी टराटरा फाडून पुन्हा पिंजायला घेई.

"मावशे, टोपी डोक्यात घालायचीय, पाणवठ्यावर न्यायची न्हाई," असं गावातले लोक चिडवत.

"जिच्यातनं पाणी भाईर येत न्हाई, तिच्यात पाऊस तरी कसा शिरंल?" ती म्हणे. "आणि तुझ्या डोक्यात हाय काय ते भिजायला?"

तिच्या टोपीवर पडणारी वीज घसरून बाजूच्या खडकावर जाई, असं म्हणतात. एका कोंबडीनं तिच्या टोपीत अंडी घातली आणि ती खुशाल हिंडायला निघून गेली. पिलं आपली आपण बाहेर आली, असंही म्हणतात. कोंबडी कोणाची होती यावर गावात अजून वाद आहे.

त्या गावात सिदा नावाचा मेंढका होता. एका श्रावणात तो तापानं गेला. मागं बायको म्हाकूबाई, मुलगी साळू आणि पांढऱ्या मेंढरांचा एक कळप. सिदाची टोपी म्हाकूबाईनं खुंटीला अडकवली आणि त्या दिवसापासून तिला कोणाचा हात लागू दिला नाही. ती टोपी ती उन्हात ठेवीना, झटकीना. टोपीच्या आत त्याचे दोन-चार केस होते. डाव्या बाजूला, लहानपणी दगड लागून त्याच्या डोक्याला टेंगूळ राहिलं होतं, त्या जागी टोपीलाही फुगवटा होता.

होळी झाली. खालचं गवत संपलं. आता कळप गारमाथ्यावर न्यायला हवा होता आणि न्यायला साळूशिवाय कोणी नव्हतं. गारमाथ्यावर चैत्रात गारा पडत. उघड्या डोक्यानं वर गेलेला माणूस परत येईलच असं नसे. आणि नेमकी त्या वर्षी रोगानं सगळी कोकरं मेली होती. गावात जावळाचा एक पुंजकाही नव्हता.

म्हाकूबाई हलीमाबीकडे आली. म्हणाली, "म्हाताऱ्या मेंढरांची लोकर हाय. तिची कर."

हलीमाबीनं केली. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. पाणी भरलं तर राखेवर चाळण झाली.

"ही घालून पोरीला वर धाडायचं म्हंजे परडी घालून धाडायचं," हलीमाबी म्हणाली. "तुझ्या घरात चांगली टोपी हाय की."

"ती मिळायची न्हाई."

"मीच करून दिलीय ना तुला?"

"त्यांना दिलीस. ती त्यांची हाय." आणि म्हाकूबाई उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलीमाबी तिच्या दारात उभी. आत येऊन ती खुंटीखाली वाकली. जमिनीवर बारीक पिठासारखा भुगा पडला होता. तिनं तो बोटावर घेतला.

"कसर लागलीय, म्हाकू. खुंटीवरच्या टोपीला लागतीच. डोक्यावरच्या टोपीला लागत न्हाई. घाम असतो, ऊन असतं, वारा असतो. तू जपतीयास आणि किडा खातोय."

"खाऊ दे. तुला न्हाई कळायचं. तू आता म्हणशील, पाणी घालू, साच्यावर चढवू. पाणी घातलं की त्यांचं डोकं जाईल त्यातनं."

"जाईल," हलीमाबी म्हणाली.

म्हाकूबाईला वाटलं होतं, ही काहीतरी समजूत काढील.

"आमच्या मियांची टोपी हुती," हलीमाबी खाली बसत म्हणाली. "माझ्या हातची पहिली. वाकडी झाली हुती, तरी जन्मभर तीच घातली त्यानं. गेला तवा मी ती फाडली, पिंजली आणि त्या साली गावाच्या टोप्या केल्या त्यांत मिसळली. कुणाकुणाच्या टोपीत गेली, ते मलाबी ठावं न्हाई."

"मग तुझ्यापाशी काय राहिलं?"

"सांजचं मेंढकं खाली उतरतात ना, मी दारात बसती. टोपी दिसली की वाटतं, त्यातच असंल. रोज कोण ना कोण येतंच की." आणि मग जरा दमानं म्हणाली, "तुझी खुंटी कुटं जात न्हाई, न् येत न्हाई."

साळू दाराशी उभी होती. म्हाकूबाईनं टोपी खुंटीवरून उतरवली आणि तोंडाशी धरली. मग म्हणाली, "चल."

हलीमाबीच्या अंगणात रिठ्याचं पाणी उकळत होतं. कसरीनं खाल्लेल्या जागा भरायला हलीमाबीनं स्वतःच्या टोपीची कड फाडून पिंजली आणि तिथं बसवली. मग तांब्या म्हाकूबाईच्या हातात दिला. "पाणी तू घाल. मी घातलं तर माझ्यावर राग धरशील."

म्हाकूबाईनं पाणी घातलं. वाफ आली. वाफेत मेंढरांचा, तंबाखूचा, सिदाचा वास क्षणभर अंगणभर झाला आणि वाऱ्याबरोबर गारमाथ्याकडे निघून गेला, असं म्हणतात. फुगवटा हळूच बसला. हलीमाबीनं ओली टोपी सरळ साळूच्या डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "वाळंस्तोवर काढू नगंस. ती तुझं डोकं शिकंल."

चैत्रात गारा आल्या. आधी लिंबाएवढ्या, मग कवठाएवढ्या. साळू माळावर एकटी होती, जवळ झाड नाही की कपार नाही. गार टोपीवर आदळे आणि पाणी होऊन काठावरून ओघळे. तेव्हा कळपातला म्होरक्या एडका आला आणि त्यानं तिच्या टोपीखाली डोकं घातलं. मग दुसरं मेंढरू आलं, मग तिसरं. टोपीचा काठ रुंद होत गेला, रुंद होत गेला आणि शेवटी सगळा कळप तिच्याखाली मावला, असं म्हणतात. आमच्याकडचे हिशेबी लोक सांगतात की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली म्हणून वाचली. सांगू देत. त्या दिवशी पलीकडच्या गावांचे कळप आडवे झाले आणि साळू दिवस मावळायच्या आत सगळी मेंढरं घेऊन खाली उतरली, हे मात्र तेही नाकारत नाहीत.

म्हाकूबाई दारात बसली होती. दुरून आधी टोपी दिसली. ती उठली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त शेजारी बसलेल्या हलीमाबीचा हात धरला आणि म्हणाली, "आला गं."

हलीमाबी कधी गेली ते कोणी पाहिलं नाही. ती धनुकली खांद्याला लावून गारमाथ्यावर चढली आणि धुक्यात शिरली, असं म्हणतात. अजूनही वर धुकं दाटलं की तरसमाळचे लोक म्हणतात, हलीमाबीनं लोकर अंथरली.

आता बुरणुसाच्या टोप्या फार कोणाकडे नाहीत. कापडी असतात, बाजारातल्या असतात, थंडीत माकडटोप्याही असतात. पण तरसमाळमध्ये गेलेल्या माणसाची टोपी खुंटीला राहू देत नाहीत. तेरावा झाला की घरातलं सगळ्यांत जवळचं माणूस तिच्यावर ऊन पाणी घालतं. त्याला हलीमाबीचं पाणी म्हणतात. मग ती ओली टोपी घरातलं कोणीतरी डोक्यावर घेतं आणि त्या दिवशीच्या कामाला निघतं. मेंढरं असतील तर मेंढरांकडे, शाळा असेल तर शाळेत.

ओली टोपी डोक्याला आधी गार लागते, मग जड लागते. दुपारपर्यंत ती वाळते.

संध्याकाळी घरातली माणसं दारात येऊन बसतात.