मज्जेच्या बागेतली चिमा

सांगा बरं बाळांनो, दारात दोघं उभे असतील, तर भरवसा कोणावर ठेवाल? घाई करू नका. एका किराणेवाल्यानं भरबाजारात सख्ख्या भाच्यालाच चोर समजून बदडलं, आणि खरा चोर तेवढ्यात गुळाची ढेप घेऊन पसार झाला. अशी चूक आपल्या शरीरातही होऊ शकते. म्हणून ही चिमाची गोष्ट.

हाडांच्या अगदी आत एक लालचुटूक बाग असते. तिचं नाव मज्जा. रक्तातल्या साऱ्या इवल्या इवल्या पेशी तिथंच जन्मतात. चिमा त्यांतलीच एक. एवढीशी, पांढुरकी, ना रंग, ना काम. लोहाचे चार चमचमते कण काय ते तिच्याजवळ होते. तेही तिनं शेजारच्या लालीला देऊन टाकले, कारण लालीला लाल रक्तपेशी व्हायचं होतं आणि कण कमी पडत होते.

लाली डाळिंबाच्या दाण्यासारखी टपोरी लाल झाली आणि रक्ताच्या प्रवाहात झोकात निघून गेली. फुफ्फुसातून प्राणवायू घ्यायचा आणि बोटांच्या टोकापर्यंत पोचवायचा, हे तिचं काम. जिथं तिथं तिचंच कौतुक. "लाली आली, गुलाबी झालो बाई," असं गाल म्हणायचे. ते चिमाच्या कानावर पडायचं.

"कण माझे आणि मिरवते ही," ती पुटपुटली.

तेवढ्यात बागेत मोतिया उजेड पसरला. केशरी पंखांची, चांदणठिपक्यांची मज्जापरी समोर उभी.

"असलेलं सगळं देऊन बसलीस, चिमुरडे. माग काय हवं ते."

"लालीपेक्षा मोठं काहीतरी कर मला, परीताई. भालेवाली शिपाई कर."

"करते. पण दोन अटी. एकदा झालीस की मागं फिरता येणार नाही. आणि आपल्याच माणसावर वार केलास, तर तिथल्या तिथं विरघळशील."

"एवढंच ना," चिमा म्हणाली.

परीनं तिला छातीच्या हाडामागं असलेल्या शाळेत सोडलं. शाळेचं नाव थायमस. शिपाई होणाऱ्या पेशी तिथं शिकतात. बाई मोठ्या कडक. त्या रुपेरी आरसा धरायच्या आणि त्यात शरीरातल्या एकेकाला दाखवून कोण वार करतं ते बघायच्या. चिमाच्या शेजारी भाल्या नावाचा एक फुशारकीखोर होता.

"बघच आता, पहिला वार माझा," म्हणत त्यानं आरशातल्या बिचाऱ्या यकृतावर भाला हाणला. दुसऱ्या क्षणी भाल्या साखरेसारखा विरघळला.

"पुढं ये, चिमा," बाई म्हणाल्या.

आरशात लाली आली.

चिमानं आपला भाला घट्ट धरला. एकच टोला, मग गाल कुणाचं कौतुक करतील? तिनं हात वर नेला. पण ही लाली मिरवत नव्हती. केसाहूनही अरुंद वाटेतून अंग चोळत, धापा टाकत चालली होती. कडा झिजलेल्या, रंग उतरलेला.

"हिला काय झालंय, बाई?"

"लाल व्हायचं म्हणून तिनं आपला गाभा, म्हणजे पेशीचं केंद्रकच, काढून दिला. आता जेमतेम चार महिने जगायची. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही."

चिमाचा हात हळूहळू खाली आला.

"हेवा वाटला का गं?"

"वाटला, बाई. अजून थोडा वाटतोय. पण ती आपली आहे."

"वाटू दे. वार केला नाहीस, तेवढं पुरे."

चिमा पास झाली. पुढं गुडघा खरचटला, तेव्हा काटेरी जंतूंची टोळी आत घुसली. ते परके, हे चिमानं बरोब्बर ओळखलं आणि भाला घेऊन सर्वांत पुढं धावली. तिच्यामागून लाली प्राणवायू घेऊन जखमेच्या काठापर्यंत सुखरूप पोचली.

लढाई संपली. बहुतेक शिपाई दमून विरून गेले. परी पुन्हा आली.

"चिमा, तुला वर्षानुवर्षांचं आयुष्य देते. हे जंतू लक्षात ठेव. पुन्हा आले तर सगळ्यांना उठव."

"आणि लाली?"

"तिचे दिवस भरले की तिचे लोहाचे कण मज्जेत परत येतील. त्यांतून नव्या लाली होतील. त्यांना सांभाळ."

परीचे पंख आधी केशरी, मग सोनेरी, मग नुसता उजेड झाले आणि तो उजेड बागेत मुरून गेला.

बाळांनो, आपला कोण आणि परका कोण, याचा हिशेब तुम्हीही मनात ठेवाल. तो खरा ठेवा. हेव्यापोटी कुणा आपल्याचं नाव परक्यांत लिहू नका, एवढीच विनंती.