शिवणीची मूठ

"किती दिवसांत होईल, अण्णा?" पडवीत चप्पल काढता काढताच उमाकांतने विचारलं. "परवा मला निघायचंय. रजा संपली."

जानूअण्णा भाटकरांनी काठी हातात घेतली. बांबूची गळाची काठी, खाली शिवणीच्या लाकडाची मूठ. एकोणचाळीस वर्षांपूर्वी ती त्यांनीच कोरली होती, उमाकांतच्या वडिलांसाठी. खाडीकाठच्या याच पडवीत त्यांनी उमाकांतलाही पोरवयात रंधा धरायला शिकवलं होतं. आता तो पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचा मुख्य होता, आणि भेटेल त्याला हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

अण्णांनी मूठ फिरवून पाहिली. पांढरीफटक, गुळगुळीत.

"घासलीस?"

"मशीनवर. पार काळीकुट्ट झाली होती हो! म्हटलं, बाबांची आठवण आहे, नव्यासारखी करून ठेवू."

"...मग?"

मग काय! इथे उमाकांतचा सगळा तोरा उतरला.

वडील, भिकाजी, जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हापासून आई रोज तिन्हीसांजेला ती काठी मांडीवर घेऊन मागच्या दारी बसायची. मुठीवर हात ठेवायची, बस्स. उमाकांत रजेवर आला, त्याने ते पाहिलं. आईसाठी काहीतरी करावं म्हणून तो काठी घेऊन तालुक्याला गेला आणि मूठ चकाचक करून आणली. आईने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ही कोणाची?" म्हणाली.

दोन दिवस झाले, ती काठीकडे फिरकली नव्हती. जेवणही नावालाच.

"तेल लागलेलं नाही ना, म्हणून तिला परकी वाटते," उमाकांत म्हणाला. "जरा चमक आली की घेईल. घेईल ना, अण्णा?"

अण्णांनी आतून जवसाच्या तेलाची बाटली आणि धोतराचं फडकं आणून पुढ्यात ठेवलं.

"लाव."

उमाकांतने घळाघळा तेल ओतलं.

"अरे मेल्या, आंघोळ घालतोस की काय? आत जाईल तेवढंच तेल. वर राहील ते चिकट होतं, ते पुसून टाकायचं."

"माहीत आहे हो मला. रोजचं काम आहे माझं."

"मग पूस."

दोघे बसून राहिले. खाडीला भरती लागली होती. भिकाजी याच वेळी गळ घेऊन उतरायचा, दोघांनाही ते आठवलं.

शिवणीने तेल पिऊन टाकलं. कोरडं लाकूड ते, तहानलेलंच होतं. पण काही ठिकाणी तेल तसंच वर उभं.

"बघा! इथे शिरतच नाही. लाकडातच दोष आहे." उमाकांतने खिशातून पॉलिशपेपर काढला. "थोडं आणखी घासतो."

अण्णांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा ऐंशीचा, पण पकड अशी की उमाकांत दचकलाच.

"पुन्हा लाव. पुन्हा पूस."

त्याने पुन्हा लावलं, पुन्हा थांबला, पुन्हा पुसलं. तेल पुन्हा तिथेच उभं राहिलं. एका अंगाला चार ओले ठिपके, दुसऱ्या अंगाला पाचवा, मोठा आणि तिरका.

"आता धर," अण्णा म्हणाले. "गळ टाकून गरवायला बसल्यासारखी धर."

उमाकांतने मूठ धरली. चार बोटं बरोब्बर चार ठिपक्यांवर बसली. अंगठा मात्र जागेवर येईना. पाचवा ठिपका बाहेरच्या बाजूला कललेला. त्याने हात सरकवून पाहिला, वळवून पाहिला. छे!

आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर वडिलांचा अंगठा आला. होडी आणि धक्क्याच्या मध्ये चेंगरलेला, वाकडाच सांधलेला. लहानपणी तो त्या अंगठ्याला हसायचा, आणि बाबा मुद्दाम तोच नाचवून दाखवायचे.

"त्याचा घाम, माशांचं तेल," अण्णा म्हणाले. "तिथे आधीच भरलंय सगळं. तुझं कुठे शिरणार?"

उमाकांतला मूठ धरवेना आणि सोडवेनाही.

"अंगठ्याखाली खळगा होता, अण्णा. मी... मीच घासून काढला. आई तिथेच हात ठेवायची." एवढा मोठा बाप्या, पण हुंदके देऊन रडला. पाच महिन्यांत रडला नव्हता.

"गेला तो खळगा. आता यायचा नाही," अण्णा म्हणाले. खोटं बोलून धीर देणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.



उमाकांतने तेलकट फडक्यानेच तोंड पुसलं.

"पण हे आईला दाखवलं तर? ओळखेल ती. मी लावतो तेल. उद्या संध्याकाळपर्यंत आणखी किती वेळा लावून होईल, अण्णा? सांगा ना."

अण्णांनी मुठीवरून एकदा सावकाश फडकं फिरवलं आणि काठी त्याच्या मांडीवर ठेवली.

"एवढं आत जायला भिकाजीला एकोणचाळीस वर्षं लागली, उमा. तू किती दिवसांच्या रजेवर आलायस?"