पांढरं तेवढं माझं

तीन वर्षं खपून मृदुला खानविलकरांनी एका प्रकाशनसंस्थेसाठी नवा देवनागरी फॉन्ट घडवला. लोकार्पणाच्या दिवशी सभागृहात येऊन पडद्यावर पाहतात तर काय, फॉन्टचं नाव 'ढमढेरे'! आणि खाली निर्माते म्हणून संस्थेचे अध्यक्ष, रावसाहेब ढमढेरे. मृदुलाताईंचं नाव कुठेच नाही.

तिथेच उभं राहून त्यांनी जाब विचारला.

रावसाहेब माइकवर हसले. "अहो बाई, ढ आणि म काय तुम्ही शोधून काढलेत? ते आमच्या खापरपणजोबांच्याही आधीचे. तुम्ही नुसता काळा रंग भरलात!"

सभागृह खो खो हसलं.

"खरं आहे," ताई म्हणाल्या. "काळं सगळ्यांचंच, ते तुम्ही ठेवा. मी तीन वर्षं फक्त पांढरं घडवत होते. अक्षराच्या पोटात किती जागा सोडायची, दोन अक्षरांमध्ये किती. तेवढं माझं मी परत नेते. चालेल?"

"न्या की! पांढऱ्याचं काय लोणचं घालायचंय आम्हाला?"

ताई व्यासपीठावरच्या लॅपटॉपपाशी बसल्या. ढचं पोट भरलं, मची गाठ बुजली, अक्षरं एकमेकांना चिकटत गेली. पडद्यावर उरला एक काळाकुट्ट ठोकळा.

हसणारी तोंडं उघडीच राहिली. रावसाहेब माइक घेऊन पडद्याजवळ धावले.

"अहो, माझं नाव कुठे गेलं?"

"ते पांढऱ्यातच होतं, रावसाहेब."